मुलगा बघायला कॅनडाहून

आमच्या मुलाला बघायला माणूस यायचा होता, म्हणून मी माझी शनिवारची ड्यूटी बदलून घेतली, बाहेरची खोली आवरली आणि लंडनजवळच्या इल्फर्डहून माझ्या मावसभावाला बोलावून घेतलं. त्याला बोलावण्याचं एकमेव कारण म्हणजे तो सहा फूट एक इंच उंच आहे. बाकी मुद्दाम बोलवावं असं त्याच्यात फारसं काही नाही, हे मी त्याच्या तोंडावरही सांगत आले आहे.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही मँचेस्टरच्या उत्तरेला एका जुन्या गिरणगावात राहायचो. गिरण्या केव्हाच बंद पडलेल्या, एकीत गालिच्यांचं दुकान आणि दुसरीत बिंगो. गावच्या हॉस्पिटलात मी भूल द्यायची आणि माझा नवरा हाडं जोडायचा. बरेचदा आम्ही दिवसभर एकाच ऑपरेशन टेबलापाशी उभे असायचो, त्यामुळे घरी आल्यावर एकमेकांना सांगण्यासारखं नवीन काही उरायचं नाही. आमचा एकुलता एक मुलगा तिथेच जन्मला, तिथल्याच शाळेत गेला, आणि तिथल्याच बस डेपोशेजारच्या रिंकवर बिघडला.

बिघडला म्हणजे आइस हॉकी खेळायला लागला. वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस त्या रिंकवर होता. सगळी पोरं कठड्याला घट्ट धरून रडकुंडीला आलेली, आणि हा बर्फावर असा निघाला, जणू घरचंच अंगण. मी पर्समध्ये जंतुनाशक आणि बँडेज घेऊन गेले होते, ह्यांनी गाडीत, हाड मोडलंच तर बांधायला, लाकडी पट्ट्यासुद्धा ठेवल्या होत्या. दोन्ही गोष्टी वाया गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याला स्केट्स हवे झाले, त्यानंतर काठी, हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड. ते सगळं कोंबलेली बॅग गाडीच्या डिकीत असली की आम्ही जानेवारीतसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून जायचो. लोकांना गॅस देऊन झोपवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण त्या बॅगेइतकं गुणकारी औषध मला कुठल्याही सिलिंडरमध्ये सापडलं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, "हॉकी म्हणजे आपली गवतावरची ना?" मी म्हणायचे, बर्फावरची. "मग मोजे ओले नाही होत?" एकदा एका काकूंना हौसेने मॅचला नेलं. तिथे दोन मुलं धावत येऊन एकमेकांच्या छातीवर आदळली आणि सगळ्या आयाबापांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की परत येताना गाडीत मी फक्त हवामानावर बोलले.

पण मुलगा चांगला खेळायचा. हे मी आई म्हणून सांगत नाही, आई म्हणून मला तो कसाही चालला असता. त्याला धावणाऱ्या पोरांच्या घोळक्यात नेमकी फट दिसायची आणि ती रबरी चकती, म्हणजे पक, त्या फटीतून हळूच दुसऱ्याच्या काठीपाशी जाऊन थांबायची. कळायला जरा वेळ लागायचा की हे ह्याने केलं. संघाचा कोच कॅनडाचा होता, गुडघा गेल्यावर लँकेशरमध्ये येऊन स्थिरावलेला. तो मला म्हणाला होता की असे हात शिकवता येत नाहीत. मी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हात ठीक आहेत. मनगट जपायला सांग."

त्या खेळात एक रीत आहे. दर उन्हाळ्यात अमेरिका-कॅनडातले मोठे क्लब एका हॉलमध्ये जमतात आणि पाळीपाळीने सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची नावं पुकारतात. याला ड्राफ्ट म्हणतात. ज्याने नाव घेतलं, मुलगा त्या क्लबचा. तुला कुठे जायचंय, हे मुलाला कुणी विचारत नाही. नाव पुकारायच्या आधी क्लबांची माणसं, म्हणजे स्काउट, वर्षभर गावोगाव हिंडून मुलं बघतात, स्टँडच्या कोपऱ्यात कागदी कपातली कॉफी पीत बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. इंग्लंडात अशी माणसं सहसा फिरकत नाहीत. आमच्याकडे एक आला तो कोचचा जुना दोस्त म्हणून, जाता जाता. आमच्या मुलाला त्याने एकदा पाहिलं, महिन्याने पुन्हा येऊन पाहिलं, आणि कोचकडून निरोप पाठवला की मला ह्याच्या घरी यायचंय, आईवडिलांना भेटायचंय.

"कशाला?" मी कोचला विचारलं.

कोच भला माणूस होता, त्यामुळे लाजला. मग म्हणाला, "तुम्ही किती उंच आहात ते बघायला."

आमची पंचाईत तिथेच होती. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा आणि पाच फूट सात. त्या खेळात एवढ्या उंचीची मुलं सहसा कुणी घेत नाही, समोरचा सहा फुटी गडी येऊन चेपून टाकतो. अजून वाढणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि वाढणार की नाही याचा अंदाज आईबापांवरून बांधतात. आमचे हे पाच फूट पाच. मी बूट घालून पाच फूट.

मुलगा त्या काळात घरात जेमतेम चार शब्द बोलायचा, तेही मोडक्या मराठीत, पण या बाबतीत त्याने लपवाछपवी केली नाही. मी स्वयंपाकघरात होते, तो दाराला टेकून उभा राहिला. "आई, मला हा पाहिजे," तो म्हणाला. "More than anything. युनिव्हर्सिटीपेक्षा. तू प्लीज काहीतरी कर. तू जरा उंच दिस." जिन्यावरच्या माळ्याच्या दारात त्याने लोखंडी बार बसवून घेतला होता आणि रोज सकाळी शाळेच्या आधी त्याला लटकत असायचा. लटकून माणूस वाढतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ह्यांचा चहा नेमका त्याच वेळी चालायचा. हे त्याच्या लोंबत्या पायांखालून वाकून पेपर आणायला जायचे.

आता परका माणूस आपलं मूल बघायला घरी येणार म्हटल्यावर काय करायचं, हे आम्हाला एकाच पद्धतीने माहीत होतं. माझ्या लग्नाच्या वेळी पुण्यात हे सगळं माझ्यावर होऊन गेलेलं. पाहुणे यायच्या आधीच मला बसवून ठेवायचं, म्हणजे उभी राहिल्यावर कळणारी गोष्ट निदान चहा होईपर्यंत तरी कळत नाही. पदार्थ मुलीने केले म्हणायचं. घरातले उंच, गोरे, हुद्द्यावरचे नातेवाईक समोर बसवायचे आणि बाकीच्यांना आत पाठवायचं. मला या प्रकाराची इतकी चीड होती की माझ्या मुलीवर ही वेळ येऊ देणार नाही असं मी ठरवलं होतं. मुलगी झालीच नाही. मुलावर येईल हे कुणाच्या डोक्यात होतं? वेळ आली तेव्हा मी निमूटपणे इल्फर्डला फोन लावला.

मावसभाऊ तिथे जीपी होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही, दादा. तू फक्त उभा राहा."

"एवढ्यासाठी मोटरवेने दोनशे मैल येऊ?"

"चकल्या केल्यात," मी म्हणाले, आणि तो आला.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दुपारी आमची मांडणी तयार होती. ह्यांना मी खोल सोफ्यावर बसवलं आणि काही झालं तरी उठायचं नाही म्हणून बजावलं. मी शेजारी. मुलगा जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, खाली दोन उशा. हे म्हणाले, "हा सगळा मूर्खपणा आहे." मी म्हणाले, "तुम्हाला विचारलं तर अजून वाढेल म्हणा. एवढंच म्हणा. मुलं वीस-एकवीसपर्यंत वाढतात." हे "हं" म्हणाले. ह्यांचं "हं" म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांच्या संसारातही धड कळलेलं नाही.

बेल वाजली. ठरल्याप्रमाणे दार दादाने उघडलं. बाहेरचा माणूस दाराच्या चौकटीएवढा होता, नाक दोनतीन ठिकाणी मोडून आपापल्या मर्जीने जुळलेलं. त्याने दादाकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, त्याचा चेहरा उजळला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुम्हाला बघून बरं वाटलं. मला तुमच्या मुलाची काळजी वाटत होती."

दादाने खुलासा करायला हवा होता. त्याने केला नाही. तो म्हणाला, "प्लीज, कम इन." मी मान खाली घालून चकल्यांकडे बघत राहिले. मुलगा उशांवर ताठ बसलेला. आणि इतक्यात आमचे हे त्या खोल सोफ्यातून दोन्ही हातांनी रेटा देऊन उठले, सगळे पाच फूट पाच इंच सरळ केले, आणि म्हणाले, "मी वडील. हे माझ्या बायकोचे मावसभाऊ."

स्काउट खाली बघून हसला. रागावला नाही. खुर्चीत बसला, चकली उचलली, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तोंडातून समोरचे चार दात काढून पेपर नॅपकिनवर ठेवले. मी सवयीने उठून दातांसाठी वाटी आणून दिली, आमच्याकडे पेशंटचे दात असेच ठेवतात. त्याने थँक्यू मॅम म्हटलं. मग दाढांनी चकली चावत तो ऐकायला लागला, आणि दादा बोलायला लागला.

दादाला वाटलं, उंची गेली तर गुण सांगावेत. त्याने भाच्याचे गुण सांगितले, जे कुठल्याही स्थळाला सांगितले असते. मुलगा अतिशय शांत. आजपर्यंत कुणावर हात उचललेला नाही. मोठ्यांना उलट उत्तर देत नाही. सगळ्या विषयांत पहिला, मेडिकलला प्रवेश मिळणारच. हॉकी काय, आपली एक हौस. मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग वाक्यागणिक उतरत होता. रोज उठून दुसऱ्यांच्या अंगावर जायचं आणि फुटकं नाक घेऊन बसने सातशे मैल लांबच्या गावी खेळायला जायचं, अशा कामासाठी तो माणूस मुलगा शोधत होता, आणि दादा त्याला सालस जावई देत होता. "दादा, चहा घे," असं मी मराठीत बजावून म्हणाले. तो म्हणाला, "घेतो, जरा बोलू दे."

स्काउटने मुलाला विचारलं, "खरंच कुणाला मारलं नाहीस?"

"मारलंय," मुलगा इंग्रजीत घाईने म्हणाला. "खूप वेळा. ह्यांना माहीत नाही."

"गुड," स्काउट म्हणाला. मग त्याने बशी बाजूला ठेवली. "मुलगा मला आवडलाय. असे हात मी या बाजूला पाहिलेले नाहीत. माझा एकच प्रश्न आहे. हा अजून वाढणार का?"

"ऑफ कोर्स," दादा म्हणाला. "आमच्याकडे मुलं बाविसाव्या वर्षापर्यंत वाढतात."

स्काउटने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो ह्यांच्याकडे वळला. "डॉक, हाडांचे डॉक्टर तुम्ही आहात ना?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मी ह्यांच्याकडे बघत होते, मुलगा बघत होता. उत्तर दोन शब्दांचं होतं, मी पढवून ठेवलेलं.

"नाही," हे म्हणाले. "वाढणार नाही. ख्रिसमसच्या सुमारास तो पडला तेव्हा मनगटाचा एक्स-रे काढला होता. हाडाच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते, ती भरून आली की वाढ संपते. त्याची भरली आहे. आता आहे एवढाच राहील."

मलाही हे ठाऊक नव्हतं. मोडलंय का ते विचारलं तेव्हा हे नाही म्हणाले होते, आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

मुलगा उशांवरून उतरला. "तुम्हाला माहीत होता?" तो मराठीत म्हणाला, म्हणजे खास ह्यांच्यासाठी. "ख्रिसमसपासून? आणि मी रोज तिकडे लटकत होतो, आणि तुम्ही खालून जात होता?"

मुलगा वर निघून गेला. स्काउटने वाटीतले दात उचलून तोंडात बसवले, ह्यांचा हात हातात घेतला आणि तो जरा जास्तच वेळ धरला. माझ्याकडून चकल्यांची पिशवी मात्र घेऊन गेला. दादा त्याच संध्याकाळी इल्फर्डला परतला. जाताना म्हणाला, "मी तरी जमवत आणलं होतं." मी त्याला काही बोलले नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सोमवारी ऑपरेशनच्या आधी हात धुताना मी ह्यांना विचारलं, "पोराला आधी का नाही सांगितलंत?"

"लटकताना खूश असायचा," हे म्हणाले.

"मग त्या माणसाला का सांगितलंत?"

"त्याने विचारलं."

मला माझ्या नवऱ्याला बेसिनवर आपटावंसं वाटत होतं. शेजारी नर्स होती म्हणून वाचला. मुलगा तर बापाशी बोलेनासाच झाला. वसंत आला, ए-लेव्हलच्या परीक्षेचा अभ्यास आला, दोघं एका टेबलावर जेवायचे आणि मीठ माझ्यामार्फत मागायचे. मुलाने बार काढून टाकला नाही, फक्त लटकणं थांबवलं. गाडीत एकदा मला म्हणाला, "बाबा maybe म्हणू शकले असते. डॉक्टर सगळ्यांना maybe म्हणतात. I've heard you both on the phone." ते खरं होतं. मरायला टेकलेल्या माणसाच्या नातेवाइकांनासुद्धा आम्ही दोघं maybe म्हणत आलो होतो. मी गिअर बदलला.

पण आशा त्याने सोडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. स्काउट त्यानंतर आणखी एकदा रिंकवर दिसला होता. कोच म्हणायचा, शेवटच्या फेऱ्यांमध्ये काहीही होतं. जूनमधल्या ड्राफ्टच्या शनिवारी मुलगा दुपारपासून सोफ्यावर पडून टीव्हीवर क्रिकेट बघत होता. ज्या मुलाला क्रिकेटचा कायम कंटाळा, तो त्या दिवशी जाहिरातीही मन लावून बघत होता. हे बागेत गवत कापत होते. कापलेलंच परत कापत होते.

संध्याकाळी फोन वाजला आणि मी घेतला. पलीकडे मोठ्या हॉलचा गोंगाट होता.

"मॅम, संपलं," स्काउट म्हणाला. "त्याचं नाव मी शेवटपर्यंत धरून होतो. आमच्या लोकांनी ऐकलं नाही. लहान आहे म्हणाले. दुसरं काही कारण नाही. खेळ नाही, हात नाहीत. त्याला हे असंच सांगा, गोड करून सांगू नका."

मी फोन ठेवला. मुलगा उठून बसला होता आणि हे बागेच्या दारात उभे होते, बुटांना ओलं गवत चिकटलेलं. त्या दोघांकडे बघताना माझ्या ओठांवर किती वाक्यं आली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ब्रिटिश मुलं यंदा घेतलीच नाहीत. माझ्या वेळी सगळ्या स्थळांकडून एकच निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. मुलगी बुटकी आहे असं कुणी कळवलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी आरशासमोर बसून शोधायचे की नाक, रंग की बोलणं, नक्की काय नडलं, आणि महिनाभर स्वतःच्या प्रत्येक अवयवावर रागवायचे.

"नाही झालं," मी म्हणाले. "उंचीमुळे. फक्त उंची."

"खेळ नाही?" मुलाने विचारलं.

"नाही."

"हात?"

"हात नाहीत. उंची तेवढी."

त्याने माझ्याकडे नाही, बापाकडे पाहिलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. "बाबा," तो म्हणाला, "तुमच्यापैकी एकानी तरी उंच माणसाशी लग्न करायचं ना. Just one of you. एवढा सिंपल गोष्ट."

त्याने ते हसतच म्हटलं. हेही हसले, आणि हसता हसता आत येऊन सोफ्यावर त्याच्या शेजारी बसले, चिखलाच्या बुटांसकट. मुलाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मग त्याला रडू फुटलं, सतरा वर्षांच्या मुलाला फुटतं तसं, आवाज दाबून. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नजर माझ्याकडे होती, आणि ह्यांना काय आठवतंय ते मला कळलं.

पुण्यात मला बघायला आले तेव्हा सगळ्यांच्या देखत ह्यांनीच मला विचारलं होतं, "जरा उभ्या राहता का?" मी रागाने उभी राहिले. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, आमच्या दोघांच्या डोक्यांवरून उंची मोजल्यासारखा हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आपली मुलं बुटकी होणार. तुम्हाला चालेल का?" इतकं खरं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्या माणसाच्या प्रेमात पडले आणि मोठ्याने हसून म्हणाले, "न चालायला काय झालं?" आणि ज्याचं बुटकेपण मला तेव्हा चाललं होतं, तो आता माझ्या सोफ्यावर रडत होता.